मंगळवारची गोळी

“मॅडम, मी कॉपी केली होती. अगदी शपथेवर सांगतो.”

“कुठं केलीत? या ओळीत? याला तुम्ही कॉपी म्हणता?”

“हो हो.”

“हो हो काय? नाही!”

ज्यांच्यावर हा आवाज चढला होता त्या गृहस्थांना सगळं ऑफिस ‘हो-हो’ म्हणत असे, कारण ‘नाही’ हा शब्द त्यांच्या तोंडून सहजासहजी निघत नसे. आणि जिचा आवाज चढला होता ती चाळणबाई. अर्थात हे नाव तिच्या पाठीमागे. इतरांनी लिहिलेले प्रोग्रॅम गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तपासायचे, हे तिचं काम. बावीस वर्षं ती ते करत होती आणि बावीस वर्षं तेच ते खडे निवडत होती. माणसं बदलली, खुर्च्या बदलल्या, कॉम्प्युटर पाच वेळा बदलले. चुका मात्र त्याच. दर नव्या माणसाबरोबर हजर.

आजची चूक एका कारखान्याच्या पाळ्यांची होती. मागच्या महिन्याची यादी घ्यायची, तिची कॉपी काढायची आणि त्या कॉपीत या महिन्याचे बदल करायचे, इतका साधा मामला. हो-होंनी बदल केले आणि त्याबरोबर मागच्या महिन्याची यादीही बदलून गेली. महिनाभर रात्रपाळी करून डोळे सुजलेले लोक जुन्या यादीत सकाळच्या पाळीला आलेले दिसू लागले. कारखान्यातून सकाळपासून तीन फोन आले होते आणि तिन्ही चाळणबाईलाच घ्यावे लागले होते.

“हे बघा,” ती म्हणाली. “एका माणसाला घरी बाळ्या म्हणतात आणि ऑफिसात साहेब. न्हाव्यानं बाळ्याचं टक्कल केलं. साहेबांच्या डोक्यावर केस राहतील?”

“हो हो,” हो-हो म्हणाले, आणि मग जरा विचार करून, “म्हणजे, नाही राहणार.”

“मग! तुम्ही दुसरी यादी केलीच नाहीत. त्याच यादीला दुसरं नाव दिलंत. यादी ही बदलणारी चीज आहे. एका नावानं तिला हात लावला की दुसऱ्या नावाखालीही ती बदलते. आकड्याचं तसं नाही, अक्षरांचंही नाही. पाच हा पाचच. पाचात एक मिळवलात तर सहा वेगळा तयार होतो, जुना पाच आपल्या जागी बसलेला असतो. काय बदलतं आणि काय बदलत नाही, एवढं कळलं तरी माझं रक्त आटायचं थांबेल. हे मी तुम्हाला कितव्यांदा सांगतेय?”

“चौथ्यांदा,” हो-हो प्रामाणिकपणे म्हणाले.

चाळणबाईनं कपाळावर हात मारला. पुढं आणखी काही बोलणार तोच तिचा फोन वाजला. घरून होता. बाबांना सांभाळायला ठेवलेली नवी बाई.

“मॅडम, आजोबा तोंडच उघडत नाहीत. कालचंही तसंच परत गेलं. मी तरी काय करू? चमचा घेऊन अर्धा तास उभी आहे.”

“फोन द्या त्यांच्याकडे. बाबा? बाबा, जेवत का नाही तुम्ही?”

पलीकडून म्हाताऱ्यांनी रोजचाच प्रश्न विचारला. “ती कुठाय?”

“ती आता येत नाही. किती वेळा सांगू, बाबा? जेवून घ्या.”

“हं,” बाबा म्हणाले आणि फोन त्यांनी बहुधा अंथरुणावर टाकून दिला.

‘ती’ म्हणजे मावशी. मावशी चाळणबाईपेक्षा नऊ वर्षांनी लहान होती, पण घरी कामाला येणारी बाई म्हणून ती मावशी आणि घरची मालकीण म्हणून चाळणबाई ताई, असा पाच वर्षांपासूनचा उलटा नात्याचा व्यवहार होता. सकाळी आठला यायची, संध्याकाळी ताई घरी पोचली की जायची. बाबांचं उठणं, बसणं, अंघोळ, औषधं, सगळं तिच्याकडे. औषधं मात्र वाढत वाढत नऊ झाली तेव्हा चाळणबाईनं तीन महिन्यांपूर्वी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक टॅब लावला. रोज सकाळी त्यावर त्या दिवसाची औषधं दिसायची, मावशी एकेक वाचून द्यायची आणि दिलेल्यावर बोट टेकवायची. दिवस, औषध, वेळ, सगळी नोंद. त्या आठवड्यात चाळणबाई स्वतःवर फार खूष होती.

मग महिन्याभरापूर्वीचा तो मंगळवार. संध्याकाळी बाबा बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. डावं मनगट मोडलं, कपाळाला चार टाके पडले. रक्तदाब एकदम खाली गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, “शनिवारी मी गोळी अर्धी करायला सांगितली होती. केली होती ना?” चाळणबाई म्हणाली, केली होती. घरी आल्यावर तिनं टॅबवर मंगळवार उघडून पाहिला. रक्तदाबाची गोळी, अर्धी. समोर मावशीची खूण, आठ वाजून दहा मिनिटं. मग तिनं कचऱ्याचा डबा उपसला. मंगळवारचं गोळीचं पाकीट त्यात होतं, पूर्ण गोळीचं. अर्धा तुकडा कुठंच नव्हता.

“मावशी, किती दिली होती गोळी?”

“एक. पूर्ण.”

“इथं अर्धी लिहिलंय.”

“त्या दिवशी एक लिहिलेलं होतं, ताई. मी वाचून दिली. बाबांनाही वाचून दाखवली, ते विचारतात ना रोज.”

“हे बघा ना. अर्धी. तुमच्या डोळ्यांसमोर आहे.”

मावशीनं पाहिलं. अर्धीच होतं. ती बराच वेळ टॅबकडे बघत राहिली, जसं काही तो आपणहून बोलेल. “आता अर्धी दिसतंय,” ती म्हणाली. “तेव्हा एक होतं.”

“मावशी, मशीन खोटं बोलत नाही.”

“मग मी बोलते?”

चाळणबाईची नजर भिंतीवरच्या टॅबवरच होती. बाबा आतून ओरडले की ती वाचूनच देते, तिला काही बोलू नकोस. “बाबा, तुम्हाला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही,” असं म्हणून तिनं त्यांनाही गप्प केलं. चूक झाली, कबूल करायची, पुढं जायचं. पण डोळ्यांदेखत लिहिलेलं असताना माणूस ‘तसं नव्हतंच’ म्हणतो, याचीच तिला चीड आली. ऑफिसात दिवसभर हेच, घरीही हेच. शुक्रवारी तिनं मावशीला यायला नको म्हणून सांगितलं आणि जिनं मावशीला पाठवलं होतं त्या ब्युरोवालीलाही कारण कळवलं. औषधात चूक. दुसऱ्या कुणाच्या म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर बेतू नये, असा त्यात तिचा उदात्त हेतू होता.

तर आज गुरुवार. बाबांना तपासणीला पुढच्या आठवड्यात न्यायचं होतं, पण दुपारी डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन आला की मागच्या दोन महिन्यांच्या औषधांची नोंद आधी पाठवून द्या, कागदावर हवी. चाळणबाईनं वैतागत घरच्या प्रोग्रॅममधून ती काढली आणि ऑफिसच्या प्रिंटरकडे पाठवली. प्रिंटर हो-होंच्या खुर्चीमागे होता. ते तत्परतेनं उठले, कागद गोळा केले आणि आणताना सवयीनं वाचत आले.

“मॅडम, बाबांना रक्तदाबाची गोळी पहिल्यापासून अर्धीच आहे का?”

“पहिल्यापासून नाही हो. मधे डॉक्टरांनी अर्धी केली. का?”

“नाही, माझ्या आईलाही हीच आहे, म्हणून बघितलं. इथं मागच्या महिन्याच्या एक तारखेपासून अर्धी दिसतेय. त्याच्या आधीच्या महिन्यातही अर्धीच.”

“शक्यच नाही.”

हो-होंनी कागद तिच्यासमोर ठेवले. त्यांच्या तोंडून ‘हो हो’ आलं नाही. बाळ्या आणि साहेबही आले नाहीत. ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि कारखान्याची यादी दुरुस्त करू लागले.

चाळणबाईनं पहिला कागद पाहिला, मग दुसरा. दोन महिने, रोज, न चुकता, अर्धी. ज्या आठवड्यात डॉक्टरांनी अर्धी गोळी हा शब्दही उच्चारला नव्हता त्या आठवड्यातही अर्धी. त्या दिवशी तिनं फक्त मंगळवार उघडला होता. एक आठवडा मागं जाऊन पाहिलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं. पाहिलं नाही. कशाला पाहील? प्रोग्रॅम तिनं स्वतः लिहिला होता.

तिनं आपला प्रोग्रॅम उघडला. ओळ शोधावी लागली नाही. नेहमीच्या औषधांची एक यादी होती. रोज सकाळी तिची कॉपी काढून ती ‘आजची यादी’ म्हणून नोंदीत ठेवायची होती. तिनं लिहिलं होतं: आजची यादी बरोबर नेहमीची यादी. झालं. नव्वद दिवसांच्या नव्वद याद्या नव्हत्याच, एकच यादी होती आणि तिला नव्वद नावं होती. त्या एकीत ‘एक’चं ‘अर्धी’ केलं की नव्वदच्या नव्वद दिवस मागच्या मागं अर्धी.

मावशीच्या बोटाच्या वेळा मात्र जशाच्या तशा होत्या, कारण वेळ ती अक्षरांत ठेवत होती आणि अक्षरं बदलत नाहीत. मंगळवार, सकाळी आठ दहा. आणि प्रोग्रॅमनं आणखी एक वेळ जपून ठेवली होती. यादी कधी बदलली त्याची. मंगळवार, संध्याकाळी सात बेचाळीस.

सात बेचाळीस. तेव्हा ती हॉस्पिटलच्या बाकावर बसली होती. आत बाबांना टाके घालत होते. शनिवारी डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ‘घरी जाऊन बदलते’ म्हणून तिनं मनात ठेवलं होतं, आणि ते मनातच राहिलं होतं. बाकावर एकदम आठवलं, फोनवरूनच यादी बदलून टाकली, तेवढ्यात नर्सनं हाक मारली, सहीसाठी चार कागद पुढे आले, आणि बदलल्याचं तेवढं आठवत राहिलं, कधी बदललं ते मात्र साफ पुसलं गेलं. डॉक्टरांना तिनं ‘केली होती’ म्हणून सांगितलं ते अगदी खरं वाटून सांगितलं होतं.

म्हणजे मावशीनं सकाळी आठ दहाला टॅबवर ‘एक’ वाचलं होतं आणि एक दिली होती. चाळणबाईला स्वतःची शरम वाटली. बावीस वर्षं जी चूक तिनं दुसऱ्यांच्या ओळींतून वेचून काढली, जिच्यावरून आज सकाळी एका भल्या माणसाला चारचौघांत धारेवर धरलं, तीच चूक घरी करून तिचं खापर तिनं अशा बाईवर फोडलं होतं जिला कॉम्प्युटर सुरूही करता येत नव्हता.

तिनं ब्युरोवालीला फोन लावला.

“मावशींबद्दल मी तक्रार केली होती ना, ती चुकीची होती. चूक माझीच होती. त्यांच्या नावापुढचं काढून टाका.”

“असं कसं काढू, मॅडम? रजिस्टरमध्ये शेरा चढलाय. शाईनं. आमच्याकडे खाडाखोड चालत नाही.”

“अहो, पण तो खोटा आहे!”

“असेल. आठ दिवसांत तक्रार मागं घेतली असतीत तर मी चढवलाच नसता. आता महिना झाला. खाली तुमचं म्हणणं लिहू शकते. वर शेरा, खाली तुमचं म्हणणं.”

“तेवढ्यानं त्यांना काम मिळेल?”

“लोक वरचं वाचतात, मॅडम. औषधात चूक म्हटल्यावर खाली कोण जातंय? तिला महिन्याभरात दोन घरं दाखवली, दोघांनीही नको म्हटलं.” ब्युरोवालीनं जरा आवाज खाली आणला. “बघा, तुम्ही त्याच आठवड्यात पत्र दिलेलं असेल आणि ते माझ्याकडे कुठं कागदांत राहून गेलं असेल, तर गोष्ट वेगळी. पत्रावरची तारीख मी बघते, पोचल्याची नाही. कळलं ना?”

“कळलं. त्या सध्या कुठं आहेत?”

“बाजाराच्या मागच्या रस्त्याला ती मोठी लॉन्ड्री आहे, तिथं घड्या घालते म्हणे.”

चाळणबाई चार वाजता ऑफिसातून उठली. जाताना हो-होंच्या टेबलाशी थांबली. काहीतरी बोलायला हवं होतं. “तुमची यादी…” ती म्हणाली.

“हो हो, झाली दुरुस्त,” ते म्हणाले. “या तुम्ही.”

लॉन्ड्री म्हणजे एक लांबट खोली होती. एका बाजूला यंत्रांची घरघर, दुसऱ्या बाजूला हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या पांढऱ्या चादरींचे ढीग. हवेत गरम कापडाचा आणि साबणाचा वास. बायका दोघी दोघी समोरासमोर उभ्या राहून चादरी दुमडत होत्या. मावशी दारापाशी एकटीच उभी होती. तिची जोडीदारीण चहाला गेली होती.

तिनं चाळणबाईला पाहिलं आणि पहिला प्रश्न केला. “बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. मावशी, मला तुमच्याशी बोलायचंय.”

“बोला. पण हे थांबवता येत नाही, संध्याकाळची गाडी येते.” मावशीनं एक चादर उचलली, दोन टोकं स्वतः धरली आणि उरलेली दोन हवेत लोंबत राहिली. चाळणबाईनं पर्स खांद्यावर मागं टाकली आणि ती टोकं पकडली.

“ओढून धरा. सुरकुती राहिली तर परत येते.”

दोघी जवळ आल्या, टोकं जुळली, लांब गेल्या. चाळणबाईनं सांगायला सुरुवात केली. प्रोग्रॅममध्ये नेहमीची यादी असते, रोज तिची कॉपी व्हायला हवी होती, ती झाली नाही, त्यामुळे यादी बदलली की मागचे सगळे दिवस…

“ताई,” मावशी म्हणाली, “ते यादीचं मला कळायचं नाही. एवढंच सांगा, चूक कुणाची होती?”

“माझी.”

“मग असं म्हणा की.”

“माझी चूक होती, मावशी. शनिवारी गोळी बदलायची मी विसरले. मंगळवारी सकाळी टॅबवर एकच लिहिलेलं होतं. तुम्ही बरोबर वाचलंत.”

मावशीनं हातातल्या चादरीची शेवटची घडी घातली. घडी ढिगावर ठेवून तिनं तळहातानं ती दाबली. “मला माहीत होतं,” ती म्हणाली. “पण महिनाभर मीच विचार करत होते, की आपण खरंच अर्धी वाचली होती की काय. रात्री झोपताना डोळ्यांसमोर आणून बघायचे. एक दिसायची, मग अर्धी दिसायची. स्वतःवरचा विश्वास उडाला हो माझा. घरी पोराला तापाचं औषध दिलं तर नवऱ्याला म्हटलं, तू वाच.”

चाळणबाईच्या हातात नव्या चादरीची टोकं होती आणि ती ओढून धरायचं तिला सुचत नव्हतं.

“परत या, मावशी. उद्यापासून. बाबा रोज विचारतात. त्या नव्या बाईच्या हातचं जेवतही नाहीत.”

“ते एकटे जेवत नाहीत. मी माझा डबा घेऊन समोर बसायचे, तेव्हा जेवायचे. तुम्ही रात्री फोन बघत जेवता ना, तो ठेवा बाजूला आणि बसा समोर.” मावशीनं मान हलवली. “मी नाही येणार, ताई.”

“का? मी चूक कबूल केली ना?”

“केली. राग नाही. पण त्या दिवशी मी तुमच्यासमोर उभी राहून सांगत होते आणि तुम्ही भिंतीकडे बघत होता. पाच वर्षं मी तुमच्या घरात होते. एकदा तरी माझ्याकडे बघून विचारायचं. आता तिथं आले तर दर गोळी दहादा वाचत बसेन.” ती चादर खाली ठेवून म्हणाली, “तुम्ही मला एक लिहून द्या. मोबाइलवर नको, कागदावर. मी ब्युरोत दाखवीन. दुसरं घर मिळालं तर बरं. इथं उभं राहून पाय सुजतात.”

लॉन्ड्रीवाल्याकडून एक कोरा कागद मिळाला. चाळणबाईनं घड्यांच्या ढिगावर तो ठेवला आणि उभ्यानंच लिहिलं. लिहिताना तिच्या लक्षात आलं, की तिला पेननं लिहायची सवयच राहिली नाही. मावशीनं कागद घेऊन सावकाश वाचला.

“इथं ‘चूक झाली होती’ लिहिलंय. कुणाकडून ते नाही लिहिलंत.”

चाळणबाईनं दुसरा कागद मागितला. या वेळी तिनं लिहिलं, की औषध बदलायचं मी विसरले, मावशींनी टॅबवर लिहिल्याप्रमाणेच औषध दिलं होतं, आणि मी त्यांना खोटं ठरवलं. खाली सही केली.

“तारीख राहिली,” मावशी म्हणाली.

चाळणबाईनं पेन टेकवलं आणि थांबली. “मावशी, मी त्याच आठवड्यातली घालते. म्हणजे ब्युरोवाली शेराच काढून टाकेल. तिनंच सुचवलंय. खाली नुसतं माझं म्हणणं लिहून उपयोग नाही, लोक वरचं वाचतात.”

“त्या आठवड्यात तुम्ही हे म्हणाला होतात?”

“नाही.”

“मग आजची घाला.”

“शेरा तसाच राहील, मावशी. कायमचा.”

“राहू दे. ज्याला खाली वाचायचं तो वाचेल.” मावशीच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी धार आली. “इतके दिवस मी खरी होते, ताई. आता खोटी तारीख घेऊन कशाला खरी ठरू?”

चाळणबाईनं आजची तारीख घातली. मावशीनं कागदाची चार पदरी घडी केली, टोकाला टोक नीट जुळवून, आणि ती खुंटीवरच्या आपल्या पिशवीत ठेवली. चहा पिऊन जोडीदारीण परत आली होती. दोघींनी पुढची चादर उचलून दोन दोन टोकं धरली. ती मोठी होती, पूर्ण उघडायला जागा लागत होती, म्हणून चाळणबाई दाराबाहेर झाली.